लुआ कुठून आली, अशी का आहे: मीटअपमध्ये वारंवार विचारले गेलेले प्रश्न

गेल्या महिन्यात पुण्यात आमच्या यूजर ग्रुपच्या मीटअपला मी लुआ या प्रोग्रामिंग भाषेवर बोललो. बोलायला चाळीस मिनिटं होती, प्रश्नांनी तास खाल्ला. वॉचमननं दिवे बंद करायला घेतले तेव्हा उरलेले प्रश्न खाली चहाच्या टपरीवर सुरू झाले. नंतर फोनवर पुन्हा तेच प्रश्न यायला लागले, म्हणून एकदाच लिहून काढतोय. काही प्रश्न एकत्र केलेत. ज्या प्रश्नांवर बोलायला मला आवडतं त्यांची उत्तरं लांबली आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

लुआ हे कशाचं लघुरूप आहे?

कशाचंच नाही. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. रोमन लिपीत लिहिताना तिन्ही अक्षरं मोठी काढू नका, ते विशेषनाम आहे. अधिकृत संकेतस्थळावरही तशी विनंती केलेली आहे. उच्चार ‘लू-आ’, जोर लू वर. ‘ल्युआ’ नको.

टपरीवर मडगावचा एक मुलगा होता. त्याची आजी पौर्णिमेला अजून ‘लुआ शेया’ म्हणते. नाव एकदाही चुकीचं न उच्चारणारा त्या संध्याकाळचा तो एकटाच.

ही भाषा ब्राझीलमध्येच कशी जन्मली?

१९७७ ते १९९२ या काळात ब्राझीलनं संगणक आणि सॉफ्टवेअरच्या आयातीवर कडक निर्बंध ठेवले होते. देशी उद्योग उभा राहावा हा हेतू. परदेशातून आपल्या गरजेनुसार सॉफ्टवेअर बनवून घ्यायचं, तर देशात कुणीच ते करू शकत नाही हे आधी कागदोपत्री सिद्ध करावं लागे. त्यापेक्षा स्वतः लिहिलेलं बरं, असं सगळ्यांनाच वाटे.

रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात, म्हणजे पुक-रिओमध्ये, मे १९८७ मध्ये टेकग्राफ नावाचा गट सुरू झाला. संगणकावरची चित्रं, आलेख, पडद्यावरचे फॉर्म हा त्यांचा विषय. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक पेट्रोब्रास, ब्राझीलची सरकारी तेल कंपनी. बाहेरून काही आणता येत नाही आणि गिऱ्हाईकाला तर काम हवंय, त्यामुळे खिडक्या-बटणं दाखवणाऱ्या लायब्ररीपासून सगळं घरीच बनवायची या मंडळींना सवय लागली.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. आयबीएम १९७८ मध्ये भारतातून गेली, आयात संगणकावर जबर जकात होती, आणि जे हाताशी आहे त्यात भागवणं ही कला होती. मीटअपला पहिल्या रांगेत बसलेले एक साठीचे गृहस्थ या स्लाइडला एकसारखी मान डोलवत होते.

पण ‘निर्बंध होते म्हणून लुआ झाली’ असं सरळ समीकरण मांडू नका. निर्बंध १९९२ मध्ये उठले आणि लुआ १९९३ ची. तोवर कायदा गेला होता, लागलेली सवय मात्र गेली नव्हती.

लुआच्या आधी काय होतं? ‘सूर्य’ काय प्रकरण आहे?

भाषणात या गोष्टीला मी दोनच मिनिटं दिली, ते चुकलंच.

पेट्रोब्रासचे अभियंते तेलाच्या कामासाठी सिम्युलेशनचे प्रोग्राम चालवत. प्रोग्राम जुने, आणि त्यांना लागणाऱ्या माहितीच्या फाइली म्हणजे नुसत्या आकड्यांच्या रांगा. कुठला आकडा कशाचा याची फाइलीत काही खूण नाही, तो कितव्या स्तंभात आहे त्यावर अर्थ ठरणार. एक स्पेस जास्त पडली की आकडा शेजारच्या घरात. प्रोग्राम तक्रार न करता चालणार आणि उत्तर भलतंच येणार. असल्या फाइली हातानं भरायला कोण तयार होईल?

म्हणून पेट्रोब्रासनं टेकग्राफला सांगितलं, पडद्यावर आकृती दाखवा, माणूस योग्य भागावर क्लिक करून आकडा भरेल, फाइल तुम्ही तयार करा. असे डझनभर तरी प्रोग्राम हवे होते. प्रत्येक वेगळा लिहिण्याऐवजी टेकग्राफनं १९९२ च्या सुमारास एक छोटी भाषा केली, डेल. कुठली वस्तू, तिला कुठली घरं, कुठल्या घरात कुठला आकडा चालतो, हे डेलमध्ये लिहायचं.

त्याच सुमारास दुसऱ्या प्रकल्पात, जमिनीखालच्या खडकांचे थर दाखवणाऱ्या अहवालांसाठी, आणखी एक छोटी भाषा तयार होत होती. अहवालात कुठला स्तंभ कुठे, कुठल्या रंगात, हे वापरणाऱ्याला ठरवता यावं म्हणून. तिचं नाव सोल, इंग्रजीतल्या ‘साधी वस्तू-भाषा’ अशा अर्थाच्या शब्दांची आद्याक्षरं. योगायोगानं पोर्तुगीजमध्ये सोल म्हणजे सूर्य. मार्च १९९३ मध्ये सोल तयार झाली, पण गिऱ्हाईकाच्या हातात कधी गेलीच नाही. कारण तेवढ्यात मागण्या वाढल्या. डेलवाले म्हणाले, अट घालता आली पाहिजे, ‘हा आकडा त्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर चूक दाखव’. मग लूप हवा, मग फंक्शन हवं. सोलकडूनही तेच मागणं. माहिती लिहून ठेवायला केलेल्या दोन भाषांना आता पुरी प्रोग्रामिंग भाषा व्हायचं होतं.

१९९३ च्या मध्यावर तिघं एकत्र बसले: रॉबर्टो इरुसालिम्स्की, लुईझ हेन्रिके दे फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस. डेल आणि सोल दोन्ही सोडून देऊन एकच नवी भाषा करायचं ठरलं. सोलमधून निघाली म्हणून टेकग्राफमधल्याच एका मित्रानं नाव सुचवलं, लुआ. जुलै १९९३ मध्ये पहिली आवृत्ती चालू झाली होती.

आजही लुआमध्ये महिरपी कंसात नाव-किंमत, नाव-किंमत अशी माहिती लिहिता येते आणि ती वाचायला कॉन्फिग फाइलीसारखी दिसते. ते डेल-सोलचं रक्त आहे.

तयार भाषा का नाही घेतली?

पर्याय फारसे नव्हतेच. टीसीएल ही स्क्रिप्ट भाषा होती, पण तिचं व्याकरण विचित्र, माहितीचं वर्णन करायला दुबळी आणि तेव्हा फक्त युनिक्सवर चालणारी. पेट्रोब्रासमध्ये तर तऱ्हेतऱ्हेची यंत्रं, डॉसवाले पीसीसुद्धा. लिस्प आणि स्कीम या कंसांनी भरलेल्या भाषा होत्या, लुआच्या पोटात स्कीमचे विचार बरेच आहेत. पण भूगर्भशास्त्रज्ञापुढे एवढे कंस ठेवणार कसे? पायथन पाळण्यात होती.

म्हणून अटी अशा ठरल्या: सी भाषेचा कंपायलर असलेल्या कुठल्याही यंत्रावर चालली पाहिजे, छोटी पाहिजे, आणि प्रोग्रामिंग हा ज्याचा धंदा नाही अशा माणसाला वाचता आली पाहिजे. त्यात मोठेपणा मिरवण्यासारखं काही नव्हतं, एका गिऱ्हाईकाच्या गरजांची ती यादी होती.

मोजणी १ पासून का? शून्यापासून का नाही?

हा प्रश्न सात जणांनी विचारला, त्यातल्या दोघांनी रागानं.

ज्यांच्यासाठी भाषा केली ते अभियंते होते. माहीत असलीच तर त्यांना फोरट्रान माहीत, आणि तिथे मोजणी १ पासून. सीमध्ये शून्यापासून मोजतात, कारण तिथला आकडा म्हणजे मेमरीत सुरुवातीपासून किती पुढे जायचं ते अंतर. लुआमध्ये मेमरीचा पत्ता तुमच्या हाती येतच नाही, तिथे आकडा म्हणजे कितवा तेवढंच. पंगतीत पहिल्या पानावर बसलेल्याला आपण शून्यावा म्हणत नाही.

एक फायदा कुणी सांगत नाही. स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुराच्या तुकड्यात, पहिलं स्थान १, शेवटचं उणे १. दोन्ही टोकं आरशातल्यासारखी जुळतात. शून्यापासून मोजणाऱ्या भाषांत पहिलं ० आणि शेवटचं उणे १ असं लंगडं होतं.

तरीही सी आणि लुआ यांच्यामध्ये आकडे पाठवताना एक मिळवायचा की वजा करायचा यात मी अजून गडबडतो. सवय आहे, जात नाही.

खरंच फक्त टेबल? यादी, संच, ऑब्जेक्ट काहीच वेगळं नाही?

खरंच. अनेक किमती एकत्र ठेवायला लुआनं दिलेली एकच वस्तू म्हणजे टेबल. चावी द्या, किंमत मिळवा. (चावी हा शब्द आपण पोर्तुगीजकडूनच उचलला, ‘शावे’पासून. लुआच्या टेबलातल्या कीला मी चावी म्हणतो तेव्हा मराठी आणि पोर्तुगीज दोन्ही बोलत असतो.)

चाव्या १, २, ३ अशा ठेवल्या की टेबल ही यादी झाली. चाव्या नावांच्या असल्या की नोंद झाली. किमतीच्या जागी सगळीकडे ‘खरं’ ठेवलं की संच झाला. किमतीच्या जागी फंक्शनं ठेवली की मॉड्यूल झालं. लुआची गणिताची किंवा स्ट्रिंगची लायब्ररीसुद्धा फंक्शनांनी भरलेलं टेबलच आहे.

मग हे हळू नाही का चालणार? इथे मुद्दा रंजक आहे. आवृत्ती ५.० पासून प्रत्येक टेबलाच्या पोटात दोन कप्पे आहेत. एक सरळ ॲरेचा, म्हणजे ओळीनं जागा, दुसरा हॅशचा, म्हणजे चावीवरून जागा शोधणारा. लुआ आपण होऊन ठरवते की १ ते अमुक आकड्यापर्यंतच्या जागांपैकी निम्म्याहून जास्त भरलेल्या आहेत का. असतील तर तेवढ्या ॲरेच्या कप्प्यात, बाकी हॅशमध्ये. तुम्ही १ पासून ओळीनं भरत गेलात तर ॲरेचा वेग मिळतो, आणि अधेमध्ये दहा लाखाव्या जागी एकच किंमत ठेवलीत तर दहा लाख जागा वाया जात नाहीत. वापरणाऱ्याला यातलं काही कळायची गरज नाही.

क्लास आणि वारसा हवा असेल तर मेटाटेबल. एका टेबलाला दुसरं टेबल चिकटवून ठेवायचं आणि सांगायचं, ‘माझ्याकडे ही चावी नसली तर त्याला विचार’. एवढ्या एका सोयीवर लोकांनी आपापल्या पद्धतीचे क्लास उभे केले. ही सोय सुद्धा एकदम नाही आली. १९९५ च्या २.१ मध्ये ‘फॉलबॅक’ होते, मग ‘टॅग मेथड’, आणि २००३ च्या ५.० मध्ये मेटाटेबल. साधन द्यायचं, पद्धत लादायची नाही, असा कर्त्यांचा आग्रह. याचा तोटाही मोकळेपणानं सांगतो. प्रत्येक टीमचा क्लास वेगळा. दुसऱ्याचा कोड हातात आला की पहिला अर्धा तास यांनी वारसा कसा केलाय हे शोधण्यात जातो.

# चं उत्तर कधी कधी चुकतं, हा बग आहे का?

बग नाही, पण खड्डा आहे. # म्हणजे यादीची लांबी. यादीत मध्येच एखादी जागा रिकामी, म्हणजे ‘निल’, असेल तर # कुठल्याही रिकाम्या जागेच्या अलीकडचा आकडा देऊ शकतं. पाच किमतींतली तिसरी काढून टाकलीत, तर उत्तर ५ येईल किंवा २ येईल, आणि मॅन्युअलप्रमाणे दोन्ही बरोबर. टेबलात निल ठेवणं म्हणजे ती नोंद पुसणं, त्यामुळे ‘रिकामी किंमत असलेली जागा’ असा प्रकारच लुआत नाही. यादीतून काढायचं तर लायब्ररीतलं काढण्याचं फंक्शन वापरा, ते मागच्यांना पुढे सरकवतं.

न सांगितलेलं नाव ग्लोबल का होतं? हे धोक्याचं नाही?

आहे. ग्लोबल म्हणजे साऱ्या प्रोग्रामला दिसणारं नाव, लोकल म्हणजे तेवढ्या भागापुरतं. आणि मी त्यात पडलेलोही आहे.

पूर्वीच्या एका नोकरीत आमचं गेटवे ओपनरेस्टीवर होतं, म्हणजे एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या पोटात लुआ. ग्राहकाची भाषा ठरवायचं एक छोटं फंक्शन मी लिहिलं आणि ज्या नावात ती भाषा साठवली त्याच्या आधी ‘लोकल’ लिहायचं विसरलो. माझ्या लॅपटॉपवर सगळं छान, कारण एका वेळी एकच रिक्वेस्ट. प्रोडक्शनवर ते फंक्शन मध्येच रेडिस या डेटाबेसच्या उत्तरासाठी थांबे. तेवढ्यात दुसरी रिक्वेस्ट येई आणि त्याच ग्लोबल नावात आपली भाषा लिहून जाई. पहिली जागी होऊन पाहते तर भाषा बदललेली. सांगलीच्या ग्राहकाला तमिळ संदेश गेला. तक्रारी रोज दोन-तीन, त्याही वेगवेगळ्या शहरांतून, आणि समोर बसून पुन्हा घडवून आणता येईना. दोन दिवस मी रेडिसला शिव्या घातल्या. शेवटी सापडलं, हे सगळं एक शब्द राहिल्यामुळे.

मूळ हिशेब असा होता: पाच-दहा ओळींची कॉन्फिग लिहिणाऱ्या माणसाला आधी नावं जाहीर करायला लावू नये. त्या कामासाठी ते बरोबरच. उलट टोक, म्हणजे न सांगितलेलं नाव आपोआप लोकल, हेही गोत्यात आणतं. फंक्शनच्या आत फंक्शन आलं की नाव आतल्याचं की बाहेरच्याचं हा घोळ होतो. ५.५ मध्ये ग्लोबल नावं जाहीर करायची सोय आली, म्हणजे कर्त्यांनाही हे खुपत होतं. तोवर काय? लुआचेक चालवा, ते असली नावं पकडतं. ओपनरेस्टीच्या अलीकडच्या आवृत्त्या लॉगमध्ये इशाराही देतात. माझ्या वेळी देत नव्हत्या, असं म्हणून मी मनाचं समाधान करून घेतो.

दुसऱ्या प्रोग्रामच्या आत राहते म्हणजे नेमकं काय?

लुआचा इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणारा भाग, ही मुळात सीची लायब्ररी आहे. तुमचा मोठा प्रोग्राम सीमध्ये किंवा सी प्लस प्लसमध्ये, आणि त्याच्या पोटात लुआ. लोक स्क्रिप्ट लिहितात, तुमचा प्रोग्राम ती चालवतो.

सी आणि लुआ एकमेकांशी बोलतात एका स्टॅकमधून. बँकेच्या काउंटरवर काचेखाली ती खोलगट जागा असते ना, पैसे आत सरकवायचे आणि पावती बाहेर घ्यायची, तसं. सीला लुआच्या किमतींना थेट हात लावता येत नाही, सगळं त्या खोबणीतून. सुरुवातीला वैताग येतो. पण लुआचा कचरा गोळा करणारा भाग कुठली वस्तू वापरात आहे हे त्यामुळे ओळखू शकतो. सीच्या कोपऱ्यात कुणीतरी एखादा पॉइंटर धरून बसलंय आणि इकडे वस्तू पुसली गेली, असं सहसा होत नाही.

भाषेतल्या बऱ्याच गोष्टी या एका प्रश्नावर जोखल्या गेल्या: हे स्टॅकच्या फटीतून जाईल का? कोरूटीन घ्या. फंक्शन मध्येच थांबवायचं आणि नंतर तिथूनच पुढे चालवायचं. खेळातलं एखादं पात्र दारापर्यंत चालतं, थांबतं, बोलतं, मग आत जातं. हे सरळ वरून खाली चार ओळींत लिहायचं, आणि दर फ्रेमला थोडं थोडं चालवायचं. यासाठी लुआनं वेगळं व्याकरण केलं नाही, काही साधी फंक्शनं दिली, म्हणून ते सीकडूनही वापरता येतं.

आपल्याकडे म्हणतात, भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. लुआला गेल्या तीस वर्षांत कितीतरी घरांनी ओसरी दिली, तिनं पाय पसरले नाहीत. ५.४ चा सगळा सोर्स सुमारे ३० हजार ओळींचा, राखीव शब्द २२.

रेग्युलर एक्सप्रेशन नाहीत, हे कसं चालवून घेता?

रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे रेगेक्स, ही मजकुरात नमुने शोधायची नेहमीची सोय. ती नाही ते चालवून घेतो, कारण हिशेब पटतो. नेहमीच्या पॉसिक्स रेगेक्सला चार हजारांहून जास्त ओळी लागतात, लुआचं पॅटर्न जुळवणं पाच-सहाशे ओळींत बसतं. नव्वद टक्के कामं त्यात होतात, असा माझा अनुभव. ‘हे किंवा ते’ हा पर्याय नाही, तो मात्र खटकतो. ज्यांना पाहिजे त्यांनी एलपेग (पॅटर्न जुळवायची वेगळी लायब्ररी) पाहावं. ते इरुसालिम्स्कींचंच आहे, आणि रेगेक्सपेक्षा दमदार आहे.

‘कंटिन्यू’ का नाही?

लूपची चालू फेरी सोडून पुढच्या फेरीत जायचा हा शब्द लुआत नाही. ५.२ पासून गोटू (सांगितलेल्या जागी उडी मारणारा शब्द) आहे, लूपच्या शेवटी लेबल लावून उडी मारा. नाक मुरडायचं तर मुरडा.

खेळांमध्ये एवढी कशी पसरली?

डिसेंबर १९९६ मध्ये प्रोग्रामरांच्या एका अमेरिकी मासिकात, डॉ. डॉब्ज जर्नलमध्ये, लुआवर लेख आला. तो लुकासआर्ट्सच्या ब्रेट मोगिलेफ्स्की यांनी वाचला. ते ‘ग्रिम फँडँगो’ या खेळाचे मुख्य प्रोग्रामर. कंपनीची स्वतःची स्क्रिप्ट भाषा होती, स्कम. तिच्या जागी लुआ घेतो असं त्यांनी रिओला कळवलं. १९९८ मध्ये खेळ आला आणि खेळ बनवणाऱ्यांच्या वर्तुळात तोंडोतोंडी नाव झालं. तेलाच्या विहिरींसाठी केलेली भाषा मेलेल्यांच्या देशातल्या सांगाड्यांच्या गोष्टीत जाऊन बसली.

आणखी एक कारण परवान्याचं. सुरुवातीच्या सार्वजनिक आवृत्तीला व्यावसायिक वापरासाठी बोलणी करावी लागत. लोक लांब राहिले. २.१ पासून ती मोकळी केली, ५.० पासून एमआयटी परवाना. पुढे २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये खेळाडूच लुआत ॲडऑन लिहायला लागले. आज रोब्लॉक्स या खेळांच्या मंचावर शाळकरी मुलं जे लिहितात ते लुआऊ, लुआचंच अपत्य. मीटअपला एका आईनं विचारलं, ‘आमचा मुलगा रात्री अकरापर्यंत हेच करतो का?’ हो, बहुतेक हेच.

मराठी मजकूर नीट चालतो का?

साठवायला आणि छापायला अगदी नीट. मोजायला नाही. लुआची स्ट्रिंग म्हणजे बाइटांची रांग, तिला अक्षर म्हणजे काय ते माहीत नाही. ‘मराठी’ या शब्दावर # लावून पाहा, उत्तर १५. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, आणि चिन्हं पाच: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. ५.३ मध्ये आलेल्या यूटीएफ-८ च्या लायब्ररीनं मोजलंत तर ५ येईल. आणि तुमच्या-माझ्या डोळ्यांना दिसतात तीनच: म, रा, ठी. तिसरा आकडा हवा असेल तर काना-वेलांट्या मागच्या अक्षराला जोडायचं काम स्वतः करा. स्ट्रिंग उलटी करायचं फंक्शन तर मराठीवर चालवूच नका, बाइट उलटे होऊन नुसते चौकोन दिसतील. डेमोला मी मुद्दाम ‘विठोबा’ उलटा करून दाखवला आणि प्रोजेक्टरवर जे उमटलं त्यानं सगळ्यांची झोप गेली.

देवनागरीत व्हेरिएबलची नावं ठेवायची तर मूळ लुआ नकार देते, लुआजिट (लुआचा दुसरा, वेगवान इंटरप्रिटर) चालवून घेतं. गंमत म्हणून ठीक.

आणि मराठीचा लुआशी रोजचा संबंध आहेच. विकिपीडियाचे साचे फार गुंतागुंतीचे आणि हळू झाले, म्हणून २०१३ पासून त्यांच्यामागचं तर्काचं काम लुआत लिहायची सोय झाली. मराठी विकिपीडियावर ‘विभाग:’ नं सुरू होणारी पानं उघडून पाहा, तो लुआचाच कोड. एखाद्या किल्ल्याच्या लेखात उजवीकडे माहितीचौकट दिसते किंवा तळाशी संदर्भ नीट मांडलेले दिसतात, तेव्हा मागे बहुतेक वेळा तीच राबत असते. अक्षरं मोजायचा घोळ तिथेही होता, म्हणून विकीवाल्यांनी युनिकोड समजणारी स्वतःची स्ट्रिंग लायब्ररी जोडली आहे.

निर्णय कोण घेतं? आपण कोड पाठवू शकतो का?

सोर्स सगळ्यांना खुला, पण विकासाचं स्वयंपाकघर बंद. चुका सापडल्या तर कळवा, त्या घेतात. पण तुम्ही लिहिलेला कोड जसाच्या तसा घेतील अशी आशा ठेवू नका. सुरुवातीपासून नियम असा की तिघांचंही एकमत झालं तरच गोष्ट भाषेत येते. त्यांचं म्हणणं, नंतर घालणं सोपं, घातलेलं काढणं अवघड. काहींना हे हटवादी वाटतं. मला विचाराल तर त्या ३० हजार ओळी याच हट्टातून आल्यात.

एवढं आहे तर अजून सगळीकडे ५.१ च का दिसते?

कारण आवृत्त्या एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत, आणि कर्ते त्याबद्दल फारसे दिलगीर नाहीत. लुआ घराच्या आत राहते, घरमालक आपल्याला हवी ती आवृत्ती धरून बसू शकतो, असं त्यामागचं गृहीत. तसंच झालं. ५.१ आली २००६ मध्ये. माइक पॉल यांचं लुआजिट, जे विलक्षण वेगवान आहे, त्याच व्याकरणावर राहिलं, पुढचं थोडंच घेतलं. निओविम (कोड लिहायचं एडिटर) आणि ओपनरेस्टी लुआजिटवर, रेडिस ५.१ वर, विकिपीडियाही ५.१ वर. ५.३ मध्ये पूर्णांक वेगळे झाले, ५.४ मध्ये बदलता न येणारी लोकल नावं आली, पण रोजच्या कामात मला ते क्वचितच वापरायला मिळतं. नवी आवृत्ती शिका, नोकरीत जुनी लिहा.

लुआवर नोकरी मिळते का?

नुसत्या लुआवर क्वचित. गेटवे, खेळ, नेटवर्कची उपकरणं, असं दुसरं काहीतरी येत असेल आणि सोबत लुआ, तर उपयोग होतो. रेडिसमध्ये दोन-तीन पावलांचं काम एकसंध करायचं असेल, मध्ये दुसरं कुणी घुसायला नको असेल, तर लुआची स्क्रिप्ट हाच सरळ मार्ग, आणि मुलाखतीत हे विचारतात.

घरी करून पाहायचं तर काय लागेल?

सीचा कंपायलर आणि अधिकृत संकेतस्थळावरची एक फाइल, अर्ध्या एमबीच्याही आतली. उघडायची, ‘मेक’ ही आज्ञा चालवायची. माझ्या आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवर चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत झालं. विंडोजवर असाल तर तयार बायनरी घ्या. पुढच्या मीटअपला येताना इन्स्टॉल करूनच या, त्या सभागृहाचं वायफाय तुम्ही पाहिलंच आहे.